पांढरी पाच आणि दोनशे ऐंशी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई दिसली की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: तुम्ही लोकांचं बोलणं ऐकत होत्या का हो? एकदाचं सांगून टाकते. ऐकत होतो. चंद्रपूरच्या जुन्या बोर्डावर दोन गावं जोडून दिली की आवाज पोचतो की नाही हे कान लावूनच पाहावं लागायचं, आणि लावलेला कान लगेच काढून घ्यायला आम्ही काही साध्वी नव्हतो. पण खरं सांगू का, लोकांच्या भानगडी दोन महिन्यांत शिळ्या होतात. इथून तिथून सगळे सासू, बदली आणि शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं भांडण यांवरच बोलतात. मला गोडी लागली ती लाइनीच्या आवाजांची. रिंग वेगळी, एंगेज वेगळा, आणि रिसीव्हर उचलल्या उचलल्या येणारा तो डायल टोन, घूंऽऽ असा, त्याचं तर मला वेडच होतं.

माझे बाबा आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवायचे. एकदा मी त्यांना ऑफिसात नेऊन डायल टोन ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, ही पांढरी पाच आहे, पण जराशी चढलेली. पेटीच्या पट्ट्यांना आपल्याकडे अशीच नावं आहेत, पांढऱ्यांना पांढरी एक, पांढरी दोन, आणि काळ्यांना काळी एक, काळी दोन. बाबांचं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं. टेलिफोनला कसली आली पट्टी!

नव्वदीच्या दशकात संगणकावर चालणारी एक्स्चेंजं आली आणि आम्ही बोर्डावरच्या बाया एका झटक्यात जास्तीच्या झालो. खात्यानं विचारलं, फायली लावता की नवं मशीन शिकता? फायली लावायला काही मी जन्मले नव्हते. गेले नागपूरला ट्रेनिंगला. वर्गात मी एकटी बाई, बाकी सगळे पोरसवदा डिप्लोमावाले. पहिल्याच आठवड्यात सरांनी बटणांच्या फोनची गंमत सांगितली आणि मी बाकावर उभं राहायचंच तेवढं बाकी होतं.

गंमत अशी. बटणाच्या फोनवर एक बटण दाबलं की एक नाही, दोन सूर एकदम वाजतात. बटणांच्या प्रत्येक आडव्या ओळीचा एक खालचा सूर, प्रत्येक उभ्या ओळीचा एक वरचा सूर. दोन म्हणजे हा खालचा अधिक तो वरचा, आठ म्हणजे दुसरा खालचा अधिक तोच वरचा. एक्स्चेंजमधला संगणक लाइनीवरचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजतो, त्या आकड्यांचे गुणाकार करतो, बेरजा मारतो, आणि ठरवून दिलेल्या सुरांपैकी कोणते दोन यात आहेत ते काढतो. चाळणीला छिद्रं असतात तसे हे सूर. जो आवाज छिद्रात बसला तो खाली पडला, बाकीचा वर राहिला. म्हणजे संगणक गाणं ऐकतच नाही, तो नुसतं गणित करतो, आणि त्या गणिताचं उत्तर येतं सूर! बाप्पा, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी हात वर करून विचारलं, सर, मग कोणी फोनसमोर पेटी वाजवली तर नंबर लागेल का? वर्ग हसला. सर मात्र खूश झाले. म्हणाले, बाई, ज्यांनी हे सूर निवडले त्यांना हीच भीती होती. खालच्या सा ची कंपनं दुप्पट केली की वरचा सा येतो, दीडपट केली की प येतो. गाणं अशा सोप्या गुणोत्तरांवर उभं असतं. म्हणून टेलिफोनचे सूर असे शोधून काढले की कोणी कोणाच्या दुप्पट नाही, दीडपट नाही, कोणाचं कोणाशी जमतच नाही. मुद्दाम बेसूर ठेवलेत. गाणं आणि टेलिफोन एकमेकांच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून. मला हे इतकं पटलं की पुढे आलापल्लीला पोस्टिंग झाल्यावर तिथल्या पोस्टमास्तरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना मी हे ऐकवलं. कोणालाही गरज नव्हती.

आलापल्ली म्हणजे सागवानाचं गाव. मोठ्या कपाटाएवढं नवं एक्स्चेंज, शेजारी एक संगणक, त्याचा काळा पडदा आणि मी. गावातले नंबर तीन आकडी. कोण कोणाला फोन लावतंय हे पडद्यावर दिसायचं, आणि मी लहान मुलगी बाहुलीचं लग्न बघते तशी ते बघत बसायची.

बाजारात रहीमभाईंचं पेटीचं दुकान होतं. नवीन पेट्या करायचे, जुन्या दुरुस्त करायचे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात, आणि त्या सगळ्या मंडळांच्या पेट्या आधी रहीमभाईंच्या हाताखालून जायच्या. माणूस फटकळ. पेटी नीट न ठेवणाऱ्या मालकाला दुकानाबाहेर काढायला कमी करायचे नाहीत. बाबांची पेटी मी त्यांच्याकडूनच नीट करून घेतली, तेव्हा अर्धा तास बोलणी खाल्ली, भात्यात झुरळं निघाली म्हणून.

तर हंगामाच्या तोंडावर एक दिवस रेंजर सातपुते साहेब एक्स्चेंजवर आले. साताऱ्याकडचे, नव्यानं बदलून आलेले, आणि सागवान चोरांच्या मागे हात धुऊन लागलेले. त्यांच्या बंगल्याचा नंबर दोनशे ऐंशी. रोज सकाळी त्यावर फोन येतो, म्हणाले, कधी दोनदा, कधी चारदा. उचलला की कोणी बोलत नाही. मी घरी आहे की जंगलात गेलो याची खात्री करतात हरामखोर. आणि मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "बाई, मागं करवत चालू असते. मी माझ्या कानांनी ऐकली. मला ऐकवून लाकूड कापतात!"

मी दोनशे ऐंशीवर नजर ठेवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी पडद्यावर ओळ उमटली. फोन रहीमभाईंच्या दुकानातून लागला होता. मी डोळे चोळले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. नंबर साहेबांना सांगणं माझं काम होतं, ते मी केलं. वर हेही सांगितलं की हा पेटीवाला आहे, लाकूडचोर नाही. साहेब म्हणाले, पेटी कशाची करतात हो? सागाचीच ना?

 साहेब शिपायांना घेऊन दुकानात गेले, आणि दुकानात सागाच्या फळ्या निघाल्या. निघणारच. पेटीला जुनं, मुरलेलं सागवान लागतं, म्हणून रहीमभाई मोडक्या घरांची दारं आणि पलंग विकत घ्यायचे. साहेबांनी लाकडाचा पास मागितला. रहीमभाई भडकले, म्हणाले, जुन्या दाराले पास कोण देते? झालं. फळ्या जप्त, तयार पेट्या जप्त, दुकानाला सील. सोमवारी गुन्हा नोंदवून अहेरीच्या कोर्टात न्यायचं ठरलं. चोरांना खबर देणारा माणूस म्हणून सगळ्या बाजारात त्यांचं नाव झालं, आणि पुरावा काय, तर आमच्या एक्स्चेंजचा संगणक.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. भाभींनी पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. रहीमभाई खाटेवर बसून होते. हंगाम बुडाला, मंडळांची माणसं पेट्या मागायला येऊन सील बघून परत जात होती. पण त्यांना लागलं होतं वेगळंच.

"बाई, तुमचं मशीन म्हणते, म्या फोन लावला. म्या म्हणतो, म्या नंबर फिरवलाच नाई. आता सांगा, दोघांतून खोटं कोण बोलून राह्यलं?"

 मशीन खोटं बोलत नाही हे मी गावभर सांगितलं होतं, आणि हा माणूस खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की मग रोज सकाळी रिसीव्हर कायले उचलता?

"सुरासाठी. दुसरं कायले?"

मी पुढे सरकून बसले. हळूहळू त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. त्यांच्याजवळ नादकाटा होता, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा तो लोखंडी चिमटा, पण तो कधीचाच हरवला. मग त्यांनी युक्ती काढली. फोन उचलायचा, डायल टोन ऐकायचा आणि पेटीची पांढरी पाच त्याला जुळवायची. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्या कानशीनं घासल्या की सूर चढतो-उतरतो. रिसीव्हर फडक्यावर काढून ठेवायचा आणि घासत बसायचं, खस्स खस्स. ही साहेबांची करवत!

पण नंबर कोण फिरवत होतं? मी विचारलं, पांढरी पाच जुळली की मग काय करता? म्हणाले, भाता बघतो. फोन एकदा दाबून सोडतो, ताजा सूर घेतो, शेवटचं ताडून पाहतो, आणि लगेच वरची पांढरी तीन दाबून धरतो. ती धरून ठेवायची आणि खाली पांढरी चारपासून काळी-पांढरी एकेक पट्टी वाजवत वर जायचं. वरचा सूर दबला की समजायचं, भाता हवा सोडून राह्यला. मग रिसीव्हर तसाच फडक्यावर ठेवून बाकीच्या जिभा घासायच्या. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी खाटेच्या पाटीवर बोटं चालवून दाखवली. एक बोट वर रोवलेलं, दुसरं पायरी पायरीनं चढणारं. वरचा एक सूर कायम आणि खालचा बदलतो, म्हणजे बटणांची एकच उभी ओळ! मी चप्पल न घालताच बाहेर पडले आणि तशीच रेंजर साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेब भला माणूस, नाही म्हणाले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः सील काढलं. जप्त केलेल्या पेट्या त्यांच्या ऑफिसात होत्या, म्हणून शाळेत कारखान्यातून नुकतीच आलेली पेटी मागवली. बंगल्यावर मुद्दाम काहीच कळवलं नव्हतं. मी फोन उचलला, डायल टोन आला, रिसीव्हर फडक्यावर ठेवला. रहीमभाईंनी वरची पांढरी तीन दाबून धरली आणि खालून चढायला लागले. पहिल्याच पट्टीला डायल टोन तुटला! म्हणजे एक्स्चेंजनं एक आकडा ऐकला होता. मी साहेबांचा हातच धरला. पण पुढे काही नाही. रिंग नाही, काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा साहेब घड्याळाकडे बघून उठले. बाई, म्हणाले, तुमचं मन मोठं आहे, पण असं होतं का कधी?

रहीमभाई पेटीकडे रागानं बघत होते. "ही उतरेल आहे," ते म्हणाले. "ही माह्या सुरातली नाई."

आणि मला बाबांचं बोलणं आठवलं. डायल टोन म्हणजे पांढरी पाच, पण चढलेली! कारखान्यातून येणाऱ्या पेटीची पांढरी पाच सेकंदाला तीनशे ब्याण्णव कंपनांची. डायल टोन चारशेचा. रहीमभाईंच्या सगळ्या पेट्या चारशेच्या, म्हणजे प्रत्येक पट्टी त्याच हिशेबानं वर सरकलेली. मी फळीच्या तुकड्यावर खडूनं मांडलं. शाळेच्या पेटीवर चढताना वाटेत लागणारी काळी चार येते आठशे एकतीस, आणि आठ आकड्याच्या ओळीचं छिद्र आहे आठशे बावन्नचं, त्यात अगदी थोडंच इकडेतिकडे चालतं. बसत नाही. तीच काळी चार रहीमभाईंच्या सुरात चढून आठशे सत्तेचाळीसच्या वर जाते. बसली! शाळेची पेटी दोन म्हणत होती, शून्य म्हणत होती, मधला आठ तेवढा गिळत होती; पाचाच्या छिद्रात तर कुठल्याच पेटीची पट्टी बसत नव्हती. मी इतक्या जोरानं ओरडले की बाजारातली माणसं गोळा झाली. मुद्दाम बेसूर ठेवलेले ते सूर, आणि आमच्याच डायल टोननं तालुक्यातल्या सगळ्या पेट्या ओढून नेमक्या त्यांच्याजवळ नेऊन बसवल्या होत्या. दोन, आठ, शून्य!

साहेबांना खडूतलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी शिपायाला पिटाळलं. तो जप्त पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आला. या वेळी मी म्हटलं, साहेब, पट्ट्या तुम्ही दाबा. रहीमभाईंनी भाता धरला आणि साहेबांच्या बोटाला वाट दाखवली. वरचा सूर रोवलेला, खालचा चढतोय. साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. रिंग जात होती. पलीकडून फोन उचलला गेला, आणि वहिनीसाहेबांचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू आला.

"तू कोण आहेस ते मला चांगलं माहीत आहे. साहेब घरी नाहीत, पण त्यांची बंदूक घरी आहे. फोन ठेव!"

साहेब म्हणाले, अगं, मीच आहे. तिकडून विचारणा झाली, मग इतके दिवस बोलत का नव्हता? बाजार हसून हसून लोळला. साहेबही हसले. टोपी काढून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक त्यांची होती, फळ्या जुन्या दारांच्या आहेत हे त्यांना आता दिसतंय, आणि सगळं सामान दुपारपर्यंत परत येईल. तसं ते आलंही.

हसले नाहीत ते एकटे रहीमभाई. लोक पांगल्यावर ते दाराच्या कडीवरची सीलची लाख नखानं काढत उभे होते. मी अजून उड्याच मारत होते, इतकं सुंदर गणित आयुष्यात पुन्हा भेटणार नाही असं काहीतरी बडबडत होते. ते मागे न बघता म्हणाले, "हा फोन घेऊन जा, बाई. मले नाई पाहिजे. माह्या बापाच्या वेळेपासून या दुकानाची झडती कोणी घेतली नव्हती."

 गणित सुटलं म्हणून माणसाचं दुखणं सुटत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मी म्हटलं, चंद्रपूरहून नवा नादकाटा आणून देते, मग फोनची गरजच नाही. त्यांनी मान हलवली. तालुक्यातल्या सगळ्या पेट्या त्यांनी याच सुरात लावल्या होत्या आणि गाणाऱ्यांचे गळे त्यावर बसले होते. आता कोणाकोणाला खाली उतरवू, म्हणाले. फोनशिवाय त्यांचा तो सूर कुठेच मिळणार नव्हता, आणि फोनला तर ते हात लावणार नव्हते. म्हणजे दुकान उघडलं, पण धंदा बंदच. मी तसंच ठेवलं तर एवढ्या मोठ्या एक्स्चेंजची बाई कशाला म्हणायची?

रात्री झोप कसली येते. सकाळी उठून एक्स्चेंजवर गेले आणि दोन हुकूम टाइप केले. साहेबांच्या बंगल्याला दुसरा नंबर दिला, त्यांना आधी विचारून. आणि रिकामा झालेला दोनशे ऐंशी रहीमभाईंच्या दुकानाला. मग दुकानात जाऊन सांगितलं की आता पेटीनं कितीही नंबर फिरवला तरी तो तुमचाच लागणार. स्वतःचा फोन उचललेला असताना स्वतःलाच फोन कसा लागेल? एंगेज येणार. घ्या सूर दिवसभर, जगात कोणाकडे रिंग जाणार नाही. ते कानस पुसत राहिले. फोनवर भाभींनी फडकं टाकून ठेवलं होतं.

त्यानंतर मी रोज पडद्यावर त्यांची लाइन बघायची. काही नाही. मंडळांचे फोन आले तरी उचलले जात नव्हते. माणसं पेट्या घेऊन सिरोंच्याकडे, वडशाकडे जायला लागल्याचं कानावर आलं. मी दुकानासमोरून जायचं टाळू लागले, कारण आत नजर गेली की ते फडकं दिसायचं.

आणि एका सकाळी चहाचा कप हातात असताना पडद्यावर ओळ उमटली. दोनशे ऐंशीनं फोन लावला होता. कोणाला? दोनशे ऐंशीला. एंगेज. थोड्या वेळानं पुन्हा दोनशे ऐंशी, पुन्हा एंगेज. मी कप खाली ठेवला आणि रिकाम्या एक्स्चेंजमध्ये एकटीच टाळ्या वाजवत सुटले.